समोरच्या मांडवातली हळद

पनवेलच्या जुन्या बाजारात, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत मी जर्मन शिकवते. दुपारी दोन शिकवण्यांच्या मध्ये थोडा निवांत वेळ मिळतो. खाली रिक्षावाल्यांची वादावादी, वर पंख्याची कुरकुर, आणि माझ्या मांडीवर जुन्या जर्मन वीरकवितांचं पुस्तक. पान-दोन पानं होतात आणि डोळे जड व्हायला लागतात.

त्या कवितांत एक लांबलचक दालन असतं. सरदार मद्य पाजतो, वीर पेले उंचावून आणाभाका घेतात आणि लढाई आली की त्यांच्यातलेच काही पळ काढतात. बढाया मारणाऱ्या पुरुषांचा मला मेला कंटाळाच येतो. माझं लक्ष दालनातल्या बाईकडे. एकीकडे तिचा नवरा, दुसरीकडे भाऊ, आणि सगळे तिलाच विचारतात, तू कुणाची? धर्मग्रंथही फारसे वेगळे नाहीत. देव की घर, काय ते एक सांग म्हणतात. अर्धवट झोपेत दालनाचं अंगण होतं, बाईच्या अंगावर हिरवं लुगडं येतं, आणि ती माझी काकू असते.

काकू धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात धवले गातात, आणि ते गाणाऱ्या बाईचा मान भटजीपेक्षा कमी नसतो. तिच्या आवाजाशिवाय हळद चढतच नाही, असं मानतात. काकांचं घर उरणच्या वाटेवरच्या एका गावात. काकूचं माहेर अगदी समोर, मध्ये फक्त गल्ली.

ग्रामपंचायतीला काका उभे राहिले तेव्हा काकूचा भाऊ रोज आमच्या ओटीवर जेवायचा. "भावजी, मी तुमचाच," म्हणायचा. आणि ऐन वेळी तो समोरच्या गटात गेला. काका पडले. पडल्याचं त्यांना एवढं नव्हतं, पण ज्याला जेवू घातलं त्यानेच दगा दिला, हे जिव्हारी लागलं. त्यांनी घरातल्या सगळ्यांना देव्हाऱ्यासमोर उभं केलं आणि आण घ्यायला लावली, त्या घरात कुणी पाय ठेवायचा नाही. काकूनेही घेतली. मी आईबरोबर सुट्टीला आले होते, आम्हीही घेतली.

रागाच्या भरात काका एक विसरले. मेहुण्याच्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि ती वाढली होती काकूच्याच मांडीवर. आता काकू गेली तर नवऱ्याला दगा, न गेली तर त्या पोरीची हळद मुकी.

हळदीच्या संध्याकाळी काका मुद्दाम दारात खुर्ची टाकून बसले. काकू हिरवं लुगडं नेसून, गजरा माळून बाहेर आली.

"कुठं चाललीस?"

"कुठं नाय. माज्या ओटीवर बसतंय."

बसली, आणि समोरच्या मांडवाकडे तोंड करून तिने धवले सुरू केले. तिकडचा डीजे बंद झाला. ऊन उतरलं होतं, सगळी गल्ली पिवळसर दिसत होती, आणि तिचा आवाज संथपणे पलीकडे जात होता. वेळ थांबला आहे असं मला वाटत राहिलं.

"बास झाला आता," काका म्हणाले.

"मी तुमची आण मोरली नाय. पाय हितंच हाय माजा."

हळद लागलेल्या मुलीने मांडव सोडायचा नसतो, नजर लागते म्हणतात. बायका ओरडत राहिल्या, पण ती पोरगी तशीच, पिवळ्या गालांनी, गल्ली ओलांडून आली आणि काकूच्या पायाशी बसली.

"आत्या, मला तूच लाव."

मागोमाग हळदीची वाटी आली, बायका आल्या, सगळा मांडव आमच्या अंगणात आला. काकूचा भाऊ मात्र गल्लीच्या कडेला मान खाली घालून उभा राहिला. काकूने गाता गाता पोरीला हळद लावली. माझी आई, चुलत भावंडं, मी, सगळे उठून काकूभोवती जमलो.

काका खुर्चीतून उठून दारात उभे होते. मला त्यांचा रागही येत होता आणि भडभडूनही येत होतं. आत जा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. इकडे या, असंही नाही. घरातल्या प्रत्येकाने त्यांची आण पाळली होती, आणि त्यांच्याजवळ कुणीही उभं नव्हतं.