ताईने न पाहिलेला शेवटचा भाग

ऋताचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या मंडईत अळूच्या जुड्या निवडत होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो, जुडी पिशवीत टाकली आणि पुढे जाऊन लिंबंसुद्धा घेतली. का घेतली, हे आज पाच आठवड्यांनीही मला सांगता येत नाही. ललिताताई माझी सख्खी, सहा वर्षांनी मोठी बहीण. ती गेल्यापासून सुचायला हवं ते काही सुचत नाही आणि डोक्यात घोळत राहतं ते एक जपानी कार्टून...

'कार्टून' म्हटलेलं तिला खपायचं नाही. "ॲनिमे म्हण रे विन्या," असं दटावायची. तिने कल्याणच्या शाळेत बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. हृदय थकल्यावर डॉक्टरांनी जिना बंद केला आणि ठाकुर्लीच्या तिसऱ्या मजल्यावर ती अडकली. तेव्हा तिच्या लेकीने, ऋताने, टॅबवर ही मालिका लावून दिली. एक मोडकं अवकाशयान, त्यात पाचसहा भांडखोर माणसं, आणि फार पूर्वी हरवलेल्या दुसऱ्या यानाकडून आलेला एक निरोप. त्या निरोपाच्या मागावर ही मंडळी निघालेली. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल. पण ताई पार वेडी झाली.

अर्थात नुसतं आवडून आमच्या घरात भागत नसे. लहानपणी डोंबिवलीला अण्णा, म्हणजे आमचे वडील, आम्हाला रविवारी दुपारच्या नाटकाला न्यायचे. घरी येऊन पाटावर बसलं की प्रत्येकाने नाटकाचा एक गुण आणि एक दोष सांगायचा, मगच भात वाढला जायचा. ताईचे दोष ऐकून अण्णा आईकडे कौतुकाने बघायचे. मला भूक लागलेली असायची, त्यामुळे माझा दोष ठरलेला होता, "शेवट गुंडाळलाय." कुठल्याही नाटकाला तो चालून जायचा.

दर गुरुवारी मी ठाकुर्लीला जायचो, की ताईचा तास सुरू. "अवकाशात हवा नाही, मग स्फोटाचा धडाम् आवाज येतो कुठून? कापले मार्क!" ऐन लढाईत नायक थांबून भाषण ठोकतो, हा दुसरा दोष. मधले सहा भाग निव्वळ भरताड, हा तिसरा. पण निरोप पोचायला किती वर्षं लागतील याचं गणित मात्र मालिकावाल्यांनी चोख केलं होतं. तिने स्वतः कागदावर करून पाहिलं होतं. "आणि राक्षस काय, कुणीही काढेल रे. ह्यांनी दमलेली माणसं काय सुंदर काढलीत!" तिचा जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत. निरोप पाठवणारा तर केव्हाच मेला असणार. मग उत्तर द्यायचं कुणाला? हे ती मालिकेबद्दलच विचारते आहे, असं मी धरून चाललो होतो.

तिचा एकच भाग उरला तेव्हा हुकूम झाला, "आधी तू बघून ये. वाईट असला तर मी इथंच थांबते. हल्ली धाप लागते मला, रडूबिडू आलं की." मी तिसऱ्या भागातच झोपलो होतो. तिथून पुढे गेलोच नव्हतो. पुढच्या गुरुवारी दारातून आत येतोय तोच तिने गाठलं.

"बघितलास?"

"बघितला की."

"मग? दोष?"

स्वयंपाकघरातून थालीपिठाचा वास येत होता. "शेवट गुंडाळलाय," मी म्हणालो.

ताई जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग "असं होय," म्हणाली आणि टॅब उशाशी ठेवून दिला. त्यानंतरच्या मंगळवारी ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर ऋता सहज बोलून गेली, "आईने तो शेवटचा भाग पाहिलाच नाही. म्हणाली, विन्या म्हणतो, शेवट गुंडाळलाय." मी घरी आलो आणि पहिल्यापासून सगळे भाग पाहिले. शेवट गुंडाळलेला नाही हो... अख्खा भाग यान एका जागी थांबलेलं असतं आणि ती माणसं उत्तर लिहीत बसलेली असतात. एक ओळ लिहितात, खोडतात, कुणीतरी चहा करतं, परत लिहितात. दोष काढायचाच तर भाग लांबलाय. ताईने तो डोळ्यांत साठवला असता.

मी तिचा शेवट हिरावून घेतला, असं सकाळी वाटतं. संध्याकाळी वाटतं, जिने बत्तीस वर्षं पोरांच्या थापा पकडल्या, आणि पाटावर जी माझ्या शेजारीच बसायची, तिला माझी ही थाप कळली नसेल? कळली, तर मग कान का नाही धरला माझा? दमली होती? की तिलाच थांबायला निमित्त हवं होतं? मला काही म्हणजे काही उमगत नाही.

परवा ठाकुर्लीला गेलो होतो. तिच्या खोलीत टॅब चार्जिंगला लावलेला होता. ऋता तो रोज लावते. का, ते तिलाही माहीत नाही. उघडला, तर तो भाग ताईच्या नावाखाली तसाच, न पाहिलेला. मी ऋताला सगळं खरं सांगून टाकलं. रागावेल असं वाटलं होतं, पण ती ऐकत राहिली.

"'विन्या म्हणतो' असं म्हणाली ना ती," मी विचारलं, "ते कसं म्हणाली गं? हसत म्हणाली का?"

ऋताने टॅब परत चार्जिंगला लावला.

"नाही रे सांगता येत, मामा. ऑफिसचा मेल आलेला... मी बघितलंच नाही तिच्याकडे."