सुलानच्या सहा जादा गाठी

माझी बायको सुलान झोपेला पक्की. ढग गडगडोत नाहीतर कोंबडे आरवोत, ही ढिम्म हलत नाही. आमच्या सेबू तळ्याकाठी विणणाऱ्या बाईला अशी झोप परवडत नाही. तिनालाक कापडाची नक्षी इथं कोणी कागदावर काढत नाही. ज्या अबाकाच्या झाडांचा धागा आम्ही विणतो, त्यांची मालकीण फू दालू देवी ती स्वप्नात येऊन दाखवते. सुलानला त्रेचाळीस वर्षांत एकदाही दाखवली नाही. जन्मभर ती दुसऱ्या बायकांची स्वप्नं विणत आली. "नक्षी कोणाची?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की मान खाली घालून दुसरीचं नाव सांगायची. मला ते बघवत नसे.

मागच्या वर्षी तिच्या येगास मावशीची नजर गेली. मावशीचं एक स्वप्न विणायचं राहिलं होतं, बेडकिणीचं. "मी सांगते, तू बांध," मावशी म्हणाली. काम सुरू झालं आणि माझं अंथरूण ओसरीवर आलं. कापड मागावरून उतरेपर्यंत नवऱ्यानं धागा सोलून द्यायचा आणि लांब झोपायचं, असा रिवाजच आहे.

"मावशी, जरा लवकर आटपा. ओसरीवर खरे बेडूक अंगावर चढतात."

"चढू देत. निदान कोणीतरी जवळ येतंय ना?"

कापड विणण्याआधी ताणलेल्या धाग्यांवर गाठी बांधायच्या. गाठीखाली रंग शिरत नाही, त्यातूनच नक्षी उमटते. मावशी सांगेल तशी सुलान पहाटेपासून बांधायची.

शेवटची गाठ पडली त्या सकाळी मावशीनं सगळ्या धाग्यांवरून बोटं फिरवली. एका जागी थांबली.

"हे काय बांधलंस?"

बेडकिणीच्या पाठीवर, धागे मोकळे हवेत तिथं, सहा जादा गाठी होत्या. सुलानचा चेहरा उतरला. "चुकलं, मावशी. पहाटे बांधता बांधता डुलकी लागली. आत्ता सोडते."

"हात लावू नकोस. डुलकीत काय दिसलं?"

"काही नाही गं. बेडकीण चालली होती. पाठीवर पिल्लू होतं, ओलं."

मावशीनं सहाही गाठी एकेक करून पुन्हा चाचपल्या. "माझी बेडकीण एकटी होती," ती म्हणाली. "नक्षीचं नाव आता तू ठेव."

आमच्यात नाव ठेवायचा मान स्वप्न बघणारीचा. सुलान गडबडली. "अगं, बसल्या बसल्या डुलकी ती!"

"तुझ्या रात्रीच्या झोपेपुढे फू दालूनं हात टेकले असतील. मग कामावर गाठलं तुला."

मी हसलो. सुलान मात्र ढसाढसा रडली, आणि मग मलाही हसवेना.

चार महिन्यांनी कापड उतरलं. काळ्यावर तांबडी बेडकीण, पाठीवर पांढरं पिल्लू. बाजाराच्या दिवशी एका बाईनं विचारलंच, "नक्षी कोणाची?"

शेजारी मावशी बसली होती. सुलाननं मान खाली घातली नाही.

"बेडकीण माझ्या मावशीची, पिल्लू माझं," ती म्हणाली. "नाव आहे मायलेकी."