म्हशीमार्फत निरोप

कामरगावात आमच्या शेजारी एक बाई राहायची. तिला कोणाला टोचून बोलायचं असलं की ती आपल्या म्हशीशी बोलायची. नवरा उशिरा घरी आला की म्हशीला विचारायची, "काहून वं, आज घर भुलली व्हती का?" नवरा मुकाट्याने पाय धुवायला जायचा आणि कुडाआड मी तोंडात पदर कोंबून हसायचे.

तिच्या लेकीचं लग्न लहानपणीच झालेलं. लेक शहाणी झाली, न्हाण आलं, ओटी भरली आणि लगेच सासरे तिला न्यायला बैलांची दमणी घेऊन हजर! व्याह्याशी बाईने समोर बोलायचं नाही, ही आमची रीत. हिने ती मोडली नाही. नाकापर्यंत पदर ओढला, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "म्हशे, तू वगार व्हती तवा तुले गाभण राहू देल्लं का मी? आधी अंग भरू देल्लं. माही पोरगीबी दोन सालं जाणार नाही."

सासरे गोरेमोरे झाले. मग त्यांनीही म्हशीलाच विचारलं, "अन् लोक काय म्हणतीन वं?"

"लोकाइले नाही येत बाळंतपणाच्या कळा!"

काय सांगू, अभिमानाने माझीच मान वीतभर उंच झाली.

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. "तुह्यं काय म्हणणं हाय, पोरी?"

पोर उंबरठा ओलांडून बाहेर आली. "मायनं मले सारं समजावून सांगतलं, मामाजी. अंग भरलं की मीच निरोप धाडीन."

सासऱ्यांनी दमणीतलं गाठोडं सोडलं. मग सुनेसाठी आणलेलं लुगडं त्यांनी तिच्या हातात दिलं. "तवा नेसून ये," म्हणाले आणि रिकामी दमणी वळवली.