खंडेनवमीला पुसलेली गाडी

“तो रंधा दे इकडे,” तात्या म्हणाले. “चौकटीच्या खांबावर दोन हात मारले की लागतंय दार.”

मी रंधा दिला नाही. उलट उचलून पाठीमागे धरला. समोर कल्याणच्या डॉक्टर पेंडशांची गाडी उभी होती, ताज्या मरून रंगाची. तीन दारं कशीबशी लागत होती. मागचं डावं दार खाली टेकत होतं आणि वर बोटभर फट राहत होती.

“तात्या, लाकूड एकदा तासलं की परत येत नाही.”

“आणि दार येतंय का? अरे, चारच दारं आहेत, वसंता. काढताना तुला जमलं, लावताना जमत नाही?”

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. कारण दारं का लागत नव्हती हे तात्यांना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नसेल, तर ते त्याहून वाईट.

तात्या आमच्या गॅरेजचे मालक. गॅरेज ठाण्यात, टेंभी नाक्याकडून खोपटला जाणाऱ्या रस्त्यावर. मी तिथे फिटर होतो आणि रोज डोंबिवलीहून यायचो. पन्नास-एक्कावन्न सालची गोष्ट असेल. संस्थानं विलीन झाल्यावर राजेरजवाड्यांच्या गाड्या हळूहळू बाहेर पडत होत्या. त्यातलीच ही एक डॉक्टरांनी घेतली होती. कल्याणच्या पलीकडे गावोगाव पेशंट बघायला जायला त्यांना दणकट गाडी हवी होती. दिवाळीआधी नवा रंग देऊन हवी, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता ही गाडी कारखान्यातून जशी येते तशी नव्हती. विलायतेहून फक्त इंजिन, चाकं आणि खालचा सांगाडा आला होता. वरची सगळी बॉडी इथल्या कारागिरांनी हाताने बांधलेली. आत सागवानी चौकट, तिच्यावर ठोकून बसवलेला पत्रा. अशा गाडीत एकासारखी दुसरी वस्तू नसते. डावं दार उजव्यापेक्षा सूतभर रुंद. एका बिजागरीचा स्क्रू दुसरीत जात नाही. आणि दार चौकटीत नेमकं बसावं म्हणून प्रत्येक बिजागरीखाली पितळी पत्र्याचे पातळ तुकडे घातलेले असतात. त्यांना आम्ही पॅकिंग म्हणायचो. कुठे एक, कुठे चार, कुठे एकही नाही. जाडीही वेगवेगळी. बांधणाऱ्याने दार लावून, काढून, पुन्हा लावून, डोळ्याने आणि बोटाने ठरवलेली. कुठल्या बिजागरीखाली कुठलं पॅकिंग, याचा कागद कुठेही नसतो.

म्हणून रंगासाठी अशी गाडी खोलणं हे अर्धं काम असतं. लोकांना वाटतं, पाना घेतला आणि काढत सुटलं. मी बारा दिवस घेतले. आधी बंपर, मग दिवे, मडगार्ड, चकचकीत पट्ट्या, शेवटी दारं. भिंतीकडेला गोणपाट अंथरलं होतं. गाडीत जो पार्ट जिथे, गोणपाटावर तो तिथेच. बिजागऱ्यांपुढे त्यांची पॅकिंग, वरचं वर आणि खालचं खाली. प्रत्येकावर खडूने खूण केली. वहीत एकच नोंद केली: आठ बिजागऱ्या, एकोणीस पॅकिंग. खडूवर भरवसा ठेवला ही माझी चूक. ती मी कबूल करतो. बाकीची माझी नाही.

अष्टमीच्या दिवशी मी बंपर घेऊन मुंबईला निकल चढवायला गेलो. खंडेनवमीला सकाळी पूजेला आलो आणि दारातच थांबलो. गॅरेज लख्ख होतं. जमीन धुतलेली. पाने, पक्कडी, जॅक ओळीने मांडलेले, त्यांना हळद-कुंकू, झेंडूची फुलं. आणि माझ्या गोणपाटाच्या जागी एक लांबलचक पाट. त्यावर डॉक्टरांच्या गाडीचे सगळे पार्ट रॉकेलने धुऊन, पुसून, लहान ते मोठे असे ओळीने लावलेले. स्क्रू एका डब्यात. पॅकिंग दुसऱ्या डब्यात, पत्त्यांच्या जुडीसारखी रचून. वर एक फूल.

“बघ,” तात्या मोठ्या कौतुकाने म्हणाले, “कालचा अख्खा दिवस मी स्वतः बसलो. किती घाण ठेवली होतीस! खडूबिडू सगळं काढून टाकलं.”

मी डबा उचलायला वाकलो.

“अंहं! आज हत्याराला हात लावायचा नाही.”

“तात्या, हे हत्यार नाही, ही गाडी आहे.”

“पूजा झालीय तिची. उद्या बघ.”

दुसऱ्या दिवशी दसरा, गॅरेज बंद. त्यानंतर मी म्हणालो, रंगाआधी दारं एकदा लावून बघू, फट कुठे राहते ते कळेल. तात्या म्हणाले, प्रायमर मारून झालाय, आता थांबायचं नाही, रंग होऊ दे, मग तुझं काय ते बघ. आमचे पेंटर लतीफभाई माझ्या बाजूने बोलले. “तात्या, वसंता सही बोलतोय. एकदा कलर मारला की दारं घासली तर किनारी उडणार.” पण तात्यांना दिवाळी दिसत होती. पूजेच्या नादात माणसाने माझं बारा दिवसांचं काम डब्यात ओतलं, आणि घाई मात्र माझ्यामागे!

तर रंग झाला. बिजागऱ्या घडणीवरून ओळखता आल्या, पॅकिंग मात्र अंदाजाने घालून मी दारं टांगली आणि व्हायचं तेच झालं. तेव्हा तात्या रंधा मागायला आले.

त्यांचा राग सुतारी होता. दार लागत नाही ना, मग खांब तासा. तासला असता तर दार त्या दिवशी लागलंही असतं. मग सागाचा खांब हलका झाला असता, बिजागरीचे स्क्रू सैल झाले असते, आणि डॉक्टरांनी खडकाळ रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या की दार लोंबायला लागलं असतं. ज्याने ती चौकट बांधली त्याच्या कामावर रंधा मारायचा, आणि तोही आम्ही पितळेचे तुकडे ढवळले म्हणून!

“मला तीन दिवस द्या,” मी म्हणालो.

“दिले. नाही जमलं तर रंधा मी मारणार, आणि तू दुसरं गॅरेज बघ. डॉक्टरांना मी काय सांगू? की माझ्या माणसाने गाडी खोलली आणि त्याला लावता येत नाही?”

नोकरी गेली असती तर घरी आई आणि दोन बहिणी होत्या. तरी खरं सांगतो, त्या क्षणी नोकरीपेक्षा ‘माझ्या माणसाला लावता येत नाही’ हे जास्त लागलं.

प्रत्येक पॅकिंग प्रत्येक बिजागरीखाली घालून बघायचं, तर दार शेकडो वेळा काढावं-घालावं लागलं असतं. लतीफभाईंचा रंग कडेकडेने उडाला असता. म्हणून दारं उतरवली आणि डबा पुढ्यात घेऊन बसलो. पॅकिंग सगळी एकसारखी चकाकत होती. जुन्या मळावरून, हिरव्या डागांवरून काही कळलं असतं, तर तेही तात्यांनी पुसून ठेवलेलं. सकाळभर नुसता जाडी मोजत होतो आणि मनातल्या मनात तात्यांना नको ते बोलत होतो.

मग एक तुकडा बिजागरीवर ठेवला आणि लक्षात आलं. तीन भोकांपैकी दोन जुळत होती, तिसरं केसभर सरकलेलं. दुसऱ्या बिजागरीवर ठेवला, तिन्ही भोकांतून स्क्रू सरळ गेला. कारागिराने प्रत्येक पॅकिंग आपापल्या बिजागरीवर धरून भोकं पाडली होती. हाताने पाडलेली, त्यामुळे कुठल्याच दोन बिजागऱ्यांची सारखी नाहीत. रॉकेलने खडू गेला होता. भोकं कुठे जाणार? मी उठून लतीफभाईंना मिठीच मारली. ते रंगाने माखलेले होते, मग मीही माखलो.

दीड दिवसात अठरा पॅकिंग आपापल्या जागी लागली. एकोणिसावं सापडेना. डबा, जमीन, गटार सगळं बघून झालं. राहिलेल्या फटीवरून कळत होतं, मागच्या डाव्या दाराच्या खालच्या बिजागरीचंच ते होतं, सगळ्यांत जाड.

“वसंता,” लतीफभाई डोकं खाजवत म्हणाले, “पूजेच्या दिवशी ऑफिसातला तो चौरंग डुगडुगत होता. तात्यांनी खाली काहीतरी सारलं होतं.”

मी ऑफिसात गेलो. चौरंगावर गणपतीचा फोटो. चौरंगाच्या एका पायाखाली माझं एकोणिसावं पॅकिंग. मी ते ओढून काढलं, फोटो कलला.

“अरे अरे, देवाला हलवू नकोस!” तात्या ओरडले.

“देवाला दुसरं काहीतरी द्या,” मी म्हणालो. “हे डॉक्टरांचं आहे.”

तिसऱ्या दिवशी दुपारी दार टांगलं. एका बोटाने ढकललं. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि ते बसलं. चारी बाजूंनी फट सारखी, पोस्टकार्ड जाईल एवढी. लतीफभाईंनी ते उगाचच पाच वेळा उघडून लावलं. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. तात्यांनी रंधा पेटीत ठेवून दिला.

ते बोलले डॉक्टर आल्यावर. “थोडा उशीर झाला, डॉक्टर. आमच्या वसंताने पार्टांचा घोळ घातला होता. मी सगळं धुऊन-पुसून लावून दिलं, तेव्हा कुठे मार्गी लागलं.”

मी लतीफभाईंकडे बघितलं. लतीफभाई छताकडे बघत होते. डॉक्टर माझ्याकडे वळले. माणूस सज्जन, आवाजही सौम्य.

“असं करू नये हो. आमच्या ऑपरेशनच्या ट्रेमध्ये बघा, प्रत्येक वस्तू स्वच्छ आणि जागच्या जागी. तशी सवय लावून घ्या.”

मी तोंड उघडेपर्यंत ते गाडीकडे गेले. बॅग मागच्या सीटवर टाकली आणि मागचं डावं दार दोन्ही हातांनी, अंगातला सगळा जोर लावून, धाडकन आपटलं.

“डॉक्टर, एका बोटाने लागतं ते!” मी ओरडलो. तोवर ते पुढे बसले होते. इंजिन चालू झालं आणि गाडी कल्याणला गेली.

पुढे मी तीस वर्षं गाड्या खोलल्या. खडू पुन्हा वापरला नाही. प्रत्येक पार्टावर आतल्या बाजूने पंचाने नंबर ठोकून ठेवायचो. आणि गाडी द्यायच्या वेळी गिऱ्हाइकाशी मालकाच्या आधी मी बोलायचो.