शिवकन्या नावाचं इथे कोणी नाही

हिंगोलीतल्या एका शिक्षण संस्थेत वैजनाथ संगणक सांभाळायचा. म्हणजे वायर असलेली प्रत्येक वस्तू त्याच्या गळ्यात पडायची, सचिवांच्या केबिनमधला पंखाही. २००६ च्या सुमारास संस्थेला स्वतःचा मेल सर्व्हर हवासा वाटला आणि गावोगावच्या शाळांतल्या मास्तरांना ईमेलचे पत्ते मिळाले. बहुतेकांनी ते मुलांच्या लग्नपत्रिकांवर छापले आणि विषय संपवला. नेमाने मेल उघडणारी एकच, आखाडा बाळापूरच्या शाळेतली शिवकन्या.

तिने नांदेडच्या एका संस्थेत कायम जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखतीचं बोलावणं ईमेलने येणार होतं. आणि नेमकं तेव्हाच तिचं लॉगीन बंद पडलं.

“वैजनाथभाऊ, मेल उघडून न्हाई राहिला,” तिने शाळेतून फोन केला.

“कॅप्स लॉक बघा ताई.”

“बघितलं. बंदच हाय.”

“मग पासवर्ड विसरला असाल. नुकतंच लग्न झालंय तुमचं, घाईगर्दीत होतं असं.”

वैजनाथने कर्मचारी क्रमांक टाकून तिचा पासवर्ड बदलला. ‘बदल झाला’ असं पडद्यावर आलं, म्हणजे त्याच्या लेखी काम झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा नवा पासवर्ड. मग त्याने सर्व्हर बंद करून चालू केला; त्यात देवपूजेइतकी श्रद्धा होती आणि साधारण तेवढाच तांत्रिक विचार. सचिव अमृतरावांनी विचारलं तर म्हणाला, “बाळापूरच्या ताई पासवर्ड विसरून राहिल्यात, साहेब.” अमृतराव खूष झाले. बायकांना संगणक देऊ नये, हे त्यांचं मत कधीचं पुराव्याच्या शोधात होतं. मासिक बैठकीत त्यांनी ते सोदाहरण मांडलं. चहा पिताना सगळे हसले, बाळापूरचे मुख्याध्यापकही. वैजनाथही हसला.

शनिवारी शिवकन्या स्वतः बसने आली. त्याच्यासमोर बसून तिने एकेक अक्षर टाकलं. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि आत प्रवेश नाही.

“आता बोला,” ती म्हणाली. “का माझी बोटंही विसरून राहिली?”

सर्व्हर लॉगीनच्या वेळी डेटाबेसला काय विचारतो, याची नोंद ठेवायची सोय होती. ती वैजनाथने पहिल्यांदाच चालू केली आणि तिला पुन्हा लॉगीन करायला लावलं. सर्व्हरने विचारलं होतं: शिवकन्या आहे का? डेटाबेसने कळवलं होतं: नाही. पासवर्डपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. त्याने बदललेले सगळे पासवर्ड शिवकन्याच्या क्रमांकावर नीट बसले होते, पण त्या क्रमांकापुढे नाव होतं संगीता.

ते त्यानेच टाकलं होतं. तिच्या लग्नाला तो गेला होता. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यामुलाने अंगठीने नवं नाव काढलं, साखर वाटली गेली, वैजनाथने ती खाल्ली आणि सोमवारी ऑफिसात येताच पगाराच्या यादीत नाव बदललं. कोणी सांगितलं नव्हतं. संस्थेतर्फे नवरीचं एवढं कौतुक तरी करावं, असं त्याला वाटलं. मेल सर्व्हर लोकांची ओळख त्याच यादीतून पटवतो, हे त्याला माहीत होतं. तांदळाच्या ताटापुढे ते आठवलं नाही. आणि सासरचं नाव शिवकन्याने सासरीच ठेवलं होतं, शाळेत ती शिवकन्याच होती, हे त्याने विचारलंही नव्हतं.

त्याने जुनं नाव परत घातलं. मेल उघडला. आत नवं काहीच नव्हतं.

“न्हाई आलं,” शिवकन्या हळूच म्हणाली. “जाऊ द्या. निदान माझ्या हातून काही चुकलं न्हाई.”

एवढ्यावर भागलं असतं. ती पर्स उचलून उठलीही. पण येणाऱ्या-जाणाऱ्या मेलची नोंद सर्व्हर आपोआप ठेवायचा; वैजनाथने त्या आठवड्याची ती नोंद वर सरकवली आणि एक ओळ दिसली. मंगळवारी नांदेडहून मेल आला होता. सर्व्हरने इमानदारीने तो दारातून परत पाठवला होता: या नावाचं इथे कोणी नाही.

“ताई, बसा,” तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. मग तिथूनच नांदेडला फोन लावला. मुलाखती गुरुवारी झाल्या होत्या, जागा भरली होती.

शिवकन्याने पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. “मला विचारायचं तरी होतं,” ती म्हणाली. “पहिल्या फोनलाच. ‘ताई, काय टाकून राहिलात’ एवढं. तुमी मला विसरभोळी ठरवलं आणि साऱ्या बैठकीला हसवलं. आता हेही तिथंच सांगा.”

वैजनाथने पुढच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. चूक माझी, नाव मी बदललं, ताईंचा पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता. अमृतरावांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “बघा, माणूस असावा तर असा. बाईमाणसाची चूक अंगावर घेऊन राहिला.”

“साहेब, घेऊन न्हाई राहिलो. माझीच हाय.”

“कळतंय रे,” अमृतराव हसले. “बस खाली.”

टाळ्या पडल्या. हे ऐकायला मुद्दाम आलेल्या, पुढच्या रांगेत बसलेल्या शिवकन्याने मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर वैजनाथने ही गोष्ट वर्षानुवर्षं, भेटेल त्याला, दर वेळी जास्त तपशिलाने सांगितली. दर सांगण्यागणिक त्याच्या चांगुलपणाची कीर्ती वाढत गेली. शिवकन्या बाळापूरलाच राहिली, आणि तिच्याकडे पासवर्ड लागणारं कुठलंही काम कोणी दिलं नाही.