माईंची केमो आणि आम्ही सगळे

माईंना बघायला कोणी आलं की "आता कशी आसत माई?" असं हळू आवाजात विचारतं. मी चहा ठेवते आणि एक किस्सा सांगते. तो संपेपर्यंत दुसरा आठवतो, दुसऱ्यातून तिसरा निघतो, आणि पाहुणे हसत हसत घरी जातात. बाहेर पडल्यावर म्हणत असतील, "सासू आजारी आणि सुनेक हसू येता!" म्हणोत बापडे. त्या दिवसांत हसलो नसतो तर घरात एकाचे चार पेशंट झाले असते.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. मालवणच्या बाजारात मासे विकण्यात त्यांचा जन्म गेला. माझे सासरे, म्हणजे बाबा, होडीवरचे तांडेल. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, ते बाबांनी ठरवायचं. घरातलं बाकी सगळं माईंनी. माईंच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि गोव्याच्या हॉस्पिटलात केमो सुरू झाली.

*

पहिल्या केमोनंतर माईंना माशाचा वास सोसेना! बांगड्यांच्या टोपलीशेजारी बसून भाकरी खाल्लेली बाई. आता कोणी दोन घरं पलीकडे सुकी मासळी भाजली तरी त्यांना ओकारी यायची. घरात मासे बंद झाले. बाबा समुद्रावरून आले की विहिरीवरच साबण लावून आंघोळ करायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. मी बाजारातून दुधी आणि पडवळ आणू लागले.

आता आमच्याकडे मासे बंद होतात ते एक तर सणवारांना, नाहीतर सुतकात. सण तर कुठलाच नव्हता. थोडे दिवस आमच्या चुलीचा वास आला नाही, तेव्हा शेजारची सुलूकाकी तोंडाला पदर लावून ओटीवर येऊन बसली. मी पाणी दिलं. डोळे पुसत म्हणाली, "माका कोणी सांगूक पण नाय गो. कधी गेली माई?"

आतून माईंचा आवाज आला. "अजून आसंय गो सुलू. दुधी खातंय."

*

मग केस गेले. माईंचा अंबाडा आमच्या आळीत नावाजलेला, त्यावर रोज अबोलीची वेणी. केस गळायला लागल्यावर त्यांनी दोन दिवस वेणी आणू दिली नाही. माझ्या नवऱ्याने पणजीहून केसांचा टोप आणला. खांद्यापर्यंतचे सरळ, काळेभोर केस. माईंनी तो घातला आणि ओटीवर पाठमोऱ्या बसल्या.

एवढ्यात बाबा आले. बाबा शुद्ध मराठी बोलतात ते फक्त बँकेत आणि तहसीलदार कचेरीत. त्यांनी लगबगीने खांद्यावरचा टॉवेल काढला, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार. बसा ना. माई आत झोपल्या आहेत. आपण चहा घेणार का?"

माई वळल्या. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माई मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ह्येंनी माका कधी बसा म्हटला नाय गो."

एरवी माई डोक्याला रुमाल बांधायच्या आणि अबोलीची वेणी त्या रुमालावरच पिनेने लावायच्या. पण बाबांना काही काम सांगायचं असलं की टोप डोक्यावर चढायचा!

*

हा पुढचा किस्सा खरं तर नंतरचा, रेडिएशनच्या वेळचा. पण आधीच सांगून टाकते, नाहीतर राहील.

रेडिएशन नेमकं कुठे द्यायचं, त्यासाठी हॉस्पिटलात छातीवर शाईने रेघा मारतात. "या पुसू द्यायच्या नाहीत, आणि त्या जागेवर काहीही लावायचं नाही," असं चारचारदा बजावलेलं. पण तिथली कातडी काळी पडली, आग व्हायला लागली. आणि आमच्याकडे कातडीला काही झालं की कोकमाचं तेल लावतात. पाय फुटू देत, ओठ फुटू देत, नाहीतर माणूस भाजू दे. माईंनी कोणाला न विचारता भरपूर तेल चोपडलं आणि रेघा पुसून गेल्या.

माई रडकुंडीला आल्या. बाबा म्हणाले, "रडतंस कित्याक? रेघो माझ्या ध्येनात आसत." आणि बर्फाच्या पेट्यांवर होडीचं नाव घालायचा मार्कर घेऊन आले. मी घरी असते तर मार्कर हिसकावून घेतला असता.

दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या मुलीने माईंकडे बघितलं आणि विचारलं, "या रेषा कोणी काढल्या?"

"आमच्या तांडेलान," माई म्हणाल्या.

मुलीने माप घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "आजी, या रेषांवर मशीन लावलं असतं ना, तर ट्रीटमेंट बाहेर बाकावर बसलेल्या बाईंना झाली असती!"

तिने नव्याने रेघा मारल्या आणि कोकमाचं तेल बंद करायला लावलं. घरी आल्यावर मी बाबांना जाब विचारला. बाबा म्हणाले, "वारो होतो." खोलीत! दार लावलेलं, पंखा बंद!

*

आता शेवटचा. 

अर्ध्याहून जास्त केमो झाल्या होत्या. तोंडात फोड आले होते. काहीही खाल्लं तरी माईंना गंजलेल्या लोखंडाची चव लागायची. पेज लोखंड, दूध लोखंड, शहाळंसुद्धा लोखंड. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते, औषध थांबल्यावर चव परत येईल, पण उरलेल्या केमो घ्यायलाच हव्यात, मध्येच सोडून चालणार नाही. आणि एका सकाळी माईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "बस झाला. मी आता जावचंय नाय."

माझ्या नवऱ्याने समजावलं, मी पाया पडले. काही उपयोग नाही. बाबा त्या दिवशी समुद्रावर गेले नाहीत. मी मोरीत नळ सोडून रडून घेतलं. माई गेल्या तर, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आला आणि मला फार भीती वाटली.

संध्याकाळी बाबांचे धाकटे भाऊ, भाईकाका, आले. आमच्या घरचं देवापुढचं गाऱ्हाणं तेच घालतात. त्यांनी अंगणात पानावर नारळ ठेवला आणि हात जोडून राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, हाक मारली. माईंना खुर्चीवर आणून बसवलं. आम्ही मागे उभे.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या घरावर जा काय संकट इलेला आसा, ता तुका ठावक आसा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"आमच्या वैनीची उरलेली इंजेक्शनां सुखरूप पार पाड. ती पार पडली काय त्याच दिवशी तुका कोंबो देतंव."

"थांबा, भावजी," माई म्हणाल्या.

गाऱ्हाणं मध्येच कोणी तोडत नाही. भाईकाकांचे हात जोडलेलेच राहिले.

"त्या दिवशी नको," माई म्हणाल्या. "माका चव इल्यार देतलंव म्हणान सांगा. नायतर देव जेवतलो, गाव जेवतलो, आणि मी नुसती बघीत बसतलंय."

"वैनी, देवाक अशी अट घालतत?"

"घाला. तेका कोंबो खावचो आसा, तर माका चव हाडून देवंदे." एवढं बोलून त्या दमल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि त्येच्यासाठी ती इंजेक्शनां घेवकच व्हयी, नाय गो?"

"होय, माई."

भाईकाकांनी काही म्हणायच्या आधीच बाबा ओरडले, "व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी बाबांनी कोंबडा आणला. माईंनी उरलेल्या केमो घेतल्या, मग रेडिएशन घेतलं. कोंबडा आमचे दाणे खाऊन लठ्ठ होत गेला. भाईकाका आले की आधी माईंकडे बघायचे, मग कोंबड्याकडे, आणि चहा घ्यायचे. रेडिएशन संपलं. तरी चव नव्हती. आम्ही विचारायचंच बंद केलं.

एका दुपारी मी माईंना पेज दिली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच कोलमाची किसमूर पानात वाढली. किसमूर म्हणजे भाजलेली बारीक सुकी कोळंबी, त्यात कांदा आणि खोबरं. वास सोसतो का ते बघायला मी दारातच उभी राहिले. भाईकाका बाबांशी बोलत ओटीवर बसले होते. माईंनी एक घास घेतला. थांबल्या. दुसरा घेतला.

"गो, ह्येच्यात मीठ किती घातलंस?"

मी धावत जाऊन चिमूटभर तोंडात टाकली. खारट झाली होती. बाबा आणि भाईकाका ओटीवरून आत डोकावले.

माईंनी तिसरा घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मग अंगणाकडे बघितलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "कोंबो धरा."