चेंगडूच्या आजींचं वाडगं

आजी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून माझ्यावर ओरडत होत्या, खाली गेटवरचा वॉचमन माझ्यावर ओरडत होता आणि टॅक्सीवाला त्या दोघांवर. मी बॅग डिकीत कोंबली, आत बसलो आणि होतं नव्हतं ते चिनी गोळा करून म्हणालो, "एअरपोर्ट. लवकर."

चोरी वगैरे काही केली नव्हती. उलट आजींचंच वाडगं लाडवांनी भरून त्यांच्या दारात ठेवलं होतं आणि बेल वाजवून पळालो होतो. माझं विमान उडेपर्यंत ते तिथेच राहावं, एवढीच इच्छा होती.

बीजिंग ऑलिंपिकच्या तयारीचा तो काळ. मी ग्लासगोला शिकत होतो आणि युनिव्हर्सिटीने एका सेमिस्टरसाठी चेंगडूला धाडलं होतं. पहिल्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी वाडगंभर वॉनटन, म्हणजे सूपात पोहणारे चिनी मोदक, घेऊन दारात उभ्या. वाडगं निळ्या माशांच्या नक्षीचं, एखाद्या बाळाला आरामात न्हाऊ घालता येईल एवढं. मी ते चाटूनपुसून संपवलं, धुतलं आणि लंडनला, हॅरोतल्या घरी, आईला फोन लावला. चीन लांब आहे म्हणून आई जोरात बोलायची; फोन नसता तरी चाललं असतं. तिने एकच विचारलं, वाडगं कशाने भरून देणार आहेस? मी म्हटलं, धुऊन देतोय की. त्यावर तिने तिकडे कपाळावर हात मारला, त्या आवाजाचेही मला पैसे पडले. मग ती म्हणाली, "शेजारच्यांचं भांडं रिकामं देत नाहीत. शेजार हॅरोत असो नाहीतर चीनमध्ये."

हॅरोत हे जमतं, कारण कोणीतरी एक जण थांबतो. समोरच्या इंग्रज बाईंना आईने एकदा बटाटेवडे दिले, तर डबा लख्ख धुऊन, आत थँक्यू कार्ड ठेवून परत आला. बिचारीला कोणी शिकवलं नाही, असं म्हणून आईने विषय संपवला. चेंगडूत आजींनाही लहानपणापासून हेच शिकवलेलं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी शेंगदाण्याचे लाडू दिले. सकाळी वाडगं माझ्या दारात, वाफाळत्या पावांनी भरलेलं. मी तांदळाची खीर दिली. परत आलं ते टोफूने काठोकाठ. वर्गातली मुलं पांडा बघायला गेली. मी पांडा पाहिला नाही. मी रवा शोधत होतो. चेंगडू मी असं पाहिलं: सायकलवर, एकेका बाजारात, प्रत्येक पोत्यात हात घालत. नदीकाठच्या चहाच्या बागेत लोक बांबूच्या खुर्चीत पडून कान कोरून घेत होते. मी त्यांना उठवून रव्याचं विचारलं. रवा त्या शहरात नव्हताच. ज्वारी मात्र होती, दारू गाळणाऱ्याच्या दुकानात. ती दळून खाणार म्हटल्यावर दुकानदाराने बायकोला बोलावलं, तिने शेजाऱ्यांना, आणि मी निघालो तेव्हा निम्मं चेंगडू निरोप द्यायला रस्त्यावर उभं होतं. भाकरी आणि ठेचा दिला. ठेचा तिखट होता, इतका की दळणारं यंत्र शिंकलं. आजींनी चमचाभर खाल्ला आणि जरा गोड झालाय असं कळवलं.

आता प्रश्न इज्जतीचा होता. मी निघेन त्या घटकेला वाडगं आजींकडे असलं, तेही भरलेलं, तर मी मोकळा. माझ्याकडे राहिलं, तर जन्मभर त्यांच्या उपकाराखाली. म्हणून निघायच्या दिवशी ते लाडू आणि ते पळणं.

पण वॉचमनने गेट लावलं. त्याने आम्ही दोघांनीही भरलेल्या वाडग्यातलं खाल्लं होतं, त्याला हे युद्ध थांबायला नको होतं. गेट उघडेपर्यंत आजी खाली. वाडगं तेच, मासे तेच, आत लाल तिखट लोणचं आणि वरून फडकं घट्ट बांधलेलं. लाडू त्यांनी एवढ्यात कुठे ओतले देव जाणे, मला त्यांच्या घरातल्या आजोबांच्या टोपीचा संशय आहे. टॅक्सीच्या खिडकीतून त्यांनी वाडगं माझ्या मांडीवर ठेवलं आणि टॅक्सीवाल्याला म्हणाल्या, "चल आता." माझं न ऐकणारा तो माणूस तत्काळ निघाला.

हॅरोच्या किचनमध्ये मी स्वेटरमध्ये गुंडाळलेलं वाडगं टेबलावर ठेवलं आणि आईला सगळं सांगितलं. हरलो म्हणालो. पण एक बरं झालं, आता मध्ये अख्खा आशिया आहे, विषय संपला.

आईने लोणचं चाखलं, ते बरणीत काढलं, वाडगं धुतलं, पुसलं.

"पत्ता आणलायस ना त्यांचा?" ती म्हणाली.